रुताआत्याची सुरगाठ

श्रावणातल्या ओलसर संध्याकाळी मिशन कंपाउंडातल्या त्या बुटक्या घराच्या पडवीत एक वास दाटून यायचा. खळ घातलेल्या खादीचा, सावलीत सुकवलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्यांचा, आणि या दोन्हींच्या तळाशी रुताआत्याच्या हातांना जन्माचा चिकटलेला दवाखान्यातल्या तांबड्या साबणाचा. पंधरा ऑगस्टची पूर्वसंध्या म्हणजे माझ्या लेखी हा वास. कडुनिंबाच्या फांद्यांतून गाळून आलेला पिवळसर उजेड तिच्या पांढऱ्या पातळावर पडलेला असायचा, ती खाली चटईवर बसलेली, समोर धुतलेली चादर अंथरलेली, आणि चादरीवर गावाचे झेंडे: शाळेचा, ग्रामपंचायतीचा, सोसायटीचा. ओल्या हातानं झेंड्याला शिवायचं नाही, हा तिचा दंडक. पाकळ्यासुद्धा कोरड्याच हव्यात. ओली पाकळी कापडाला धरून बसते, झेंडा उघडला तरी खाली येत नाही, असं ती सांगायची.

रुताआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. परतूर तालुक्यातल्या आमच्या गावी मिशनचा जो दवाखाना होता, त्यात ती आयुष्यभर परिचारिका म्हणून राबली. लग्न केलं नाही. का केलं नाही ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिनं एखाद्या अडलेल्या बाळंतिणीची गोष्ट काढून विषय बदलला असता. पुढं दवाखाना बंद पडला, त्याच्या व्हरांड्यात शेळ्या बसू लागल्या, तरी गाव तिला सिस्टरच म्हणत राहिलं. मी जालन्याला बँकेत नोकरी करते. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, आणि निजामाच्या राज्यातून सुटल्याचा आमच्या मराठवाड्याचा खास दिवस, सतरा सप्टेंबर: या सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी एसटी पकडून आत्याकडं जायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ. बँकेतले लोक चेष्टा करायचे की हिच्याकडं नाताळपेक्षा झेंड्याचाच सण मोठा.

त्यात फारसं खोटं नव्हतं. झेंडा बांधताना आत्याच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता यायची, ती मी एरवी फक्त प्रार्थनेत पाहिली. कापड ती तळहातानं सपाट करायची, कडा कडेला मिळवायची, मधे ओंजळभर पाकळ्या ठेवायची, आणि मग जखमेवरची पट्टी गुंडाळावी तशी, फार घट्ट नाही, फार सैल नाही, अशी त्याची गुंडाळी करत जायची. शेवटी दोरीचा एक वेढा, एक सुरगाठ. त्या शांततेत तिच्या बोटांचा कापडावर होणारा सरसर आवाज तेवढा ऐकू यायचा आणि लांबून एखाद्या ट्रॅक्टरचा. शाळेचे शिपाई बाबुराव झेंडे घेऊन यायचे आणि झेंडे तयार होईपर्यंत पायरीवर बसून चहा प्यायचे. "सिस्टरची गाठ पाव्हन्यावानी नसती," ते म्हणायचे, "जा म्हनलं की जाती." आत्या हसायची नाही, पण तिच्या गालाचा एक कोपरा हलायचा. बाबुराव तेवढ्यासाठीच ते वाक्य दरवेळी म्हणत असावेत.

सव्वीस जानेवारी रविवारी आली की मात्र तिची त्रेधा उडायची. तिकडं शाळेत झेंडावंदन, इकडं चर्चमध्ये उपासना. आधी शाळेत ताठ उभं राहून मग पातळाचा घोळ सावरत ती चर्चकडं धावायची आणि पहिलं गीत संपता संपता मागच्या बाकावर टेकायची. पाळकसाहेब तिच्याकडं रोखून पाहायचे. ती डोळे मिटून घ्यायची, म्हणजे पाहणाऱ्याचाच नाइलाज.

ही गाठ तिच्याकडं आली ती तिच्या आजोबांकडून, म्हणजे माझ्या पणजोबांकडून. ते मिशनच्या बंगल्यावर नोकर होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मलेला, गावच्या विहिरीची पायरी कधी न चढलेला तो माणूस गोऱ्या डॉक्टरीण मॅडमच्या हाताखाली अक्षर ओळखायला शिकला, ख्रिस्ती झाला, आणि कंपाउंडातल्या विहिरीचं पाणी स्वतःच्या हातानं शेंदून प्याला. विलायतेच्या राजाच्या वाढदिवसाला बंगल्यावर इंग्रजांचा झेंडा चढायचा. तो बांधायचं काम पणजोबांचं. पुढं निजामाचं राज्य गेलं, गावात पहिल्यांदा तिरंगा आला, आणि तो बांधायचा कसा, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा गावातली चार जाणती माणसं कंपाउंडात आली आणि पणजोबांना मानानं घेऊन गेली. गावातून कुणी बोलवायला यावं, असा त्यांच्या आयुष्यातला तो पहिला दिवस. त्यांच्या बोटाला धरून लहानगी रुता गेली होती. आपल्या आजोबाला गावानं खुर्ची दिलेली तिनं त्या दिवशी पाहिली.

बंगल्यावर ती खुर्ची कधी मिळाली नव्हती. साठीला टेकलेल्या पणजोबांना मॅडम "बॉय" अशी हाक मारायच्या आणि ते पायऱ्यांच्या खाली, उन्हात, हात बांधून उभे राहायचे. आत्या ती हाक नाकातून काढून दाखवायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. पण त्याच मॅडमच्या कबरीवरचं गवत ती पावसाळा संपला की स्वतः काढायची, दगडावर बसलेली शेवाळ नारळाच्या काथ्यानं घासायची. मला ते कळायचं नाही. कॉलेजात चार पुस्तकं वाचून आलेली मी एकदा तिच्याशी कडाकडा भांडले, की ज्यांनी आपल्याला पायरीखाली उभं केलं, त्यांची कबर घासायला तुला लाज कशी वाटत नाही. ती काथ्या घासतच म्हणाली, "पानी पाजलं हे बी खरं, पायरीखाली हुबं केलं हे बी खरं. एक खरं सांगायसाठी दुसरं कशाला झाकू?"

या देशातल्या आमच्यासारख्या माणसांचं दुःख खरं तर इथंच कुठंतरी आहे. इंग्रज गेले याचा आनंद आमच्या घरात मनापासून होतो, कारण "बॉय" म्हणणारा आवाज गेला. आणि तरीही इंग्रजांना शिव्या देणाऱ्या भाषणात टाळी वाजवताना आमचा हात क्षणभर थबकतो, कारण त्या विहिरीचं पाणी आमच्या घशाला आठवतं. तो क्षणभराचा थबकलेला हात शेजारच्याला दिसतो, त्यामागची विहीर दिसत नाही. शिवाय आमच्या भागात राज्य निजामाचं. इंग्रज आमच्या गावानं पाहिले ते औषधाच्या बाटलीसकट. पण एवढं सगळं ऐकायला सवड कुणाला असते?

एका वर्षी सव्वीस जानेवारीला शाळेनं आत्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि दोन शब्द बोलायचा आग्रह. आत्या आयुष्यात कधी माइकसमोर उभी राहिली नव्हती. तिनं आपली ठेवणीतली गोष्टच सांगितली: "माझे आजोबा इंग्रजांचा झेंडा बांधायचे. तीच गाठ मंग त्यांनी आपल्या झेंड्याला मारली. गाठ त्यांची, झेंडा आपला." मुलं हसली, टाळ्या पडल्या, बाबुरावांनी तर शिट्टी मारायची तेवढी बाकी ठेवली. हिवाळ्यातलं कोवळं ऊन तिच्या नव्या शालीवर पडलं होतं आणि ती लग्नातल्या करवलीसारखी लाजत होती. मला वाटलं, पणजोबांच्या त्या खुर्चीत आज ही बसली.

कुणीतरी मोबाइलवर ते भाषण घेतलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं कापून गावभर फिरू लागलं. माझे आजोबा इंग्रजांचा झेंडा बांधायचे. बस्स, तिथंच तोडलेलं. खाली लोकांनी आपापल्या अकलेप्रमाणं लिहिलं होतं: ज्यांनी इंग्रजांची चाकरी केली, इंग्रजांचा देव घेतला, त्यांच्या हातात तिरंगा कशाला? लिहिणाऱ्यांतल्या निम्म्यांची नाळ आत्यानं कापली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, आपण पूर्ण भाषण शोधून काढू, सगळ्यांना पाठवू. आत्या तांदूळ निवडत होती. "अर्धं आइकलं त्यांनी," ती म्हणाली, "उरलेलं सांगंल कुनीतरी. सगळं गाव तिथं बसलं व्हतं की." गाव बसलं होतं खरं. सांगितलं मात्र कुणीच नाही.

चौदा ऑगस्टला मी पोहोचले तेव्हा चादर अंथरलेली होती, पाकळ्या परातीत सुकून तयार होत्या, आणि आत्या हात पुसून बसली होती. आभाळ भरून आलेलं, पण पडत नव्हतं. उजेड हळूहळू चादरीवरून सरकत भिंतीकडं गेला. फाटक वाजलं की ती मान वर करायची, आणि कुणाची तरी शेळी असायची. मला तिच्याकडं पाहवत नव्हतं. झेंडे येतात की नाही, एवढाच तो प्रश्न, पण त्या परातीसमोर बसलेल्या म्हातारीला दुसरा प्रश्नच उरलेला नव्हता: हे गाव मला आपली म्हणतं की नाही?

अंधारून येता येता बाबुराव आले. हात रिकामे. टोपी काढून पायरीच्या खाली उभे राहिले, बसले नाहीत.

"सिस्टर, यंदा झेंडे न्हाई यायचे. नवे हेडमास्तर म्हनले, शाळेतच बांधू. पंचायतीचा अन् सोसायटीचा बी तिथंच बांधून राह्यले."

"कोन बांधून राह्यलं?"

"कवायतीचे सर. मोबाइलवर बघून."

आत्यानं चादरीची एक सुरकुती सरळ केली. "बरं हाय. सुरगाठ मारा म्हनावं. निरगाठ पडली तर वरच्या वर अटकंल. चहा घेता?"

"न्हाई, जल्दीत हाय," असं म्हणून बाबुराव बराच वेळ तिथंच उभे राहिले.

त्या संध्याकाळी घरातल्या प्रार्थनेत तिनं नेहमीप्रमाणं आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, राज्य चालवणाऱ्यांसाठी मागणं मागितलं, आणि शेवटी म्हणाली, "प्रभू, उद्या शाळेचा झेंडा नीट उघडू दे." मी मोठ्यानं आमेन म्हटलं नाही. माझी इच्छा उघड उघड वेगळी होती, आणि मला तिची लाजही वाटत नव्हती.

सकाळी ती पांढरं पातळ नेसून निघाली. येऊ नको असं कुणी सांगितलं नव्हतं. एरवी तिची जागा खांबाजवळ, बाबुरावांच्या शेजारी. त्या दिवशी ती फाटकापाशी, मुलांच्या आयांच्या मागं उभी राहिली. कुणी पुढं या म्हटलं नाही, कुणी मागं जा म्हटलं नाही. हेडमास्तरांनी दोरी ओढली. झेंडा सर्रकन उघडला, बाजारच्या झेंडूच्या पाकळ्या भुरभुरत खाली आल्या, वारा होता तो नेमका त्याच क्षणी मोठा झाला, आणि तिरंगा असा काही फडकला की मुलांनी आपसूक टाळ्या वाजवल्या. काहीसुद्धा अडलं नाही. राष्ट्रगीत सुरू झालं तसं आत्यानं माझा हात सोडला आणि ताठ उभी राहिली. तिचे ओठ हलत होते.

दुपारी जेवणं झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली होती. बाहेर रिमझिम लागली होती, मुलांच्या हातातले कागदी झेंडे घरोघर पोहोचून शांत झाले होते. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "उघडला बाई तुझा झेंडा." ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "तोंडानं मी उघडू दे म्हनत व्हते. मनात म्हनत व्हते, अटकू दे. एकदा अटकू दे, म्हंजी यांना माझी याद यील." आणि मग ती रडली. इतक्या वर्षांत, इतक्या मरणांत, मी तिला अशी रडताना पाहिलं नव्हतं. तोंडात पदराचा बोळा धरून, लहान मुलीसारखी. गावानं तिला टाकलं याचं ते रडणं असेल असं मला आधी वाटलं. तसं नव्हतं. आपल्याच देशाचा झेंडा सगळ्यांसमोर अडकावा, असं आपण मनात आणलं, याचं ते रडणं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायला मंडळी ओळीनं मेजाजवळ गेली, आणि रुताआत्या बाकावरून उठलीच नाही. मनात कुणाविषयी काही अढी असेल, कुणाचा अपराध केलेला असेल, तर आधी ते मिटवायचं आणि मगच मेजाजवळ यायचं, हा आमच्याकडचा जुना नेम. आजकाल तो कोण पाळतो? भाऊबंदकीत कोर्टात उभे असलेले लोकही एका रांगेत प्याला घेतात. उपासनेनंतर पाळकसाहेब स्वतः तिच्यापाशी आले. तिनं झेंड्याचं मनातलं सांगितलं तेव्हा त्यांनी समजावलं, की हे पाप नाही, हा मनाला लागलेला घाव आहे. आणि अपराध झाला असेलच तर तो तुमचा नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, सलाम केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरं पातळ नेसून शाळेत गेली.

मी तिथं नव्हते. बाबुरावांनी नंतर सांगितलं. हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझी चूक झाली. माफी मागायला आले." हेडमास्तर माणूस वाईट नाही; गोंधळले, उठून उभे राहिले, बसा म्हणाले, चहा मागवला. कसली चूक ते त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच त्यांना वाटली नाही, कारण ती कोणत्या चुकीची माफी मागते आहे हे आपल्याला ठाऊक आहे, अशी त्यांची खात्री होती. म्हणाले, "जाऊ द्या हो सिस्टर. मोठं मन केलंत. आमच्या मनात काही नाही." आत्या हलकी होऊन घरी आली. त्या आठवड्यात फोनवर तिचा आवाज कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखा वाटला.

सोळा सप्टेंबरला बाबुराव शाळेचा झेंडा घेऊन आले, अगदी उड्या मारत म्हणावं असे. मी पडवीतच होते. "आता काई राह्यलं न्हाई सिस्टर," ते म्हणाले, "हेडमास्तरांनी मीटिंगीत सगळ्यांना बराबर सांगितलं. सिस्टरनी सोता येऊन माफी मागितली, आजोबाच्या कारनाम्याची त्यांना लाज वाटती म्हनून. आता विषय बंद, झेंडा त्यांच्याकडं द्या."

परातीवर झुकलेली आत्या तशीच राहिली. पाकळ्यांत फिरणारी तिची बोटं थांबली. गावानं आपल्याला कशासाठी माफ केलं, हे तिला तेव्हा कळलं. आणि त्या चहाच्या कपाबरोबर आपण आपल्या आजोबांना गावासमोर अपराधी ठरवून आलो, हेही.

मी ताडकन उठले. म्हटलं, "बाबुराव, झेंडा परत न्या. तिनं त्याची माफी मागितलेली नाही." बाबुराव बावरले, एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं पाहू लागले. आत्यानं हात वर करून मला थांबवलं. "आलेला झेंडा कंदी माघारी गेला का या घरातून?" एवढंच म्हणाली. मग उठली, मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले, कोरडे होईपर्यंत पुसले, पुसतच राहिली. चादरीसमोर बसून तिनं कापड सपाट केलं, कडा मिळवल्या. दोरीचा वेढा घालताना गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा मी टोक धरलं. झेंडा दोन्ही हातांवर घेऊन बाबुराव उलट्या पावली पायरी उतरले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. गुडघा धरलाय म्हणाली. सकाळच्या वाऱ्यावर राष्ट्रगीत कंपाउंडापर्यंत ऐकू आलं, तेव्हा ती पडवीत होती; खांबाला धरून उठली आणि गाणं संपेपर्यंत एकटीच ताठ उभी राहिली. ऑक्टोबरच्या प्रभुभोजनाला ती मेजाजवळ गेली. नाताळचा तारा अजून घरावर चढायचा होता, तेव्हा एका पहाटे झोपेतच गेली. मातीला सारं गाव लोटलं. हेडमास्तर आले, हार घातला, डोळे पुसले. माझ्याजवळ येऊन अगदी मनापासून म्हणाले, "चूक कबूल करायला मोठं काळीज लागतं हो. तुमच्या आत्याकडं ते होतं."

मयताच्या दारात भांडू नये, असं आत्यानंच शिकवलं होतं. पण त्यानंतरच्या प्रत्येक सुट्टीला तो माणूस आणि ते वाक्य माझ्यासमोर उभं राहतं. शाळेचा झेंडा दरवेळी नीट उघडतो, मुलं टाळ्या वाजवतात. गावाच्या आठवणीत रुताआत्या आता कायमची बसली आहे, ती अशी: गावानं जिला मोठ्या मनानं माफ केलं ती मिशनची म्हातारी. काळ खऱ्याखोट्याची निवड करत बसत नाही. माणूस तेवढा तो उचलून नेतो, आणि त्याच्या रिकाम्या जागी मागं उरलेले लोक जे ठेवतात त्यालाच हळूहळू आठवण म्हणू लागतात. म्हणून मला हे लिहून ठेवायचं आहे, कुणी वाचो वा न वाचो. तिनं काहीही केलं नव्हतं. तिच्या आजोबांनीही.